हुंगणीचा पंधरावा खण

सारिका शिळीमकरच्या मुक्ताचं लग्न झालं ते साल दोन हजार एकेचाळीस. लग्न वैशाखात झालं आणि पेरण्यांच्या आधी वाघजाळीत हुंगणी आली. म्हणून हुंगणी कधी आली असं विचारलं, तर गावातल्या बाया आजही आकडा सांगत नाहीत. मुक्ताच्या लग्नाच्या साली, एवढंच म्हणतात.

त्या लग्नात मुक्ताला पहिली हळद लावली ती तिच्या थोरल्या चुलतीनं, शालननं. शालनचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. विधवेचा हात नको, असं पुटपुटणारी चार तोंडं मांडवात होतीच. मुक्ता पाटावरून अर्धी उठली आणि म्हणाली, "मोठीआई लावणार नसेल तर मी निघाले. नवरदेवाला म्हणावं, वऱ्हाड घेऊन परत जा." मग कोण बोलतंय! सारिका मुक्ताची आई खरी, पण पोरीला अंगाखांद्यावर वाढवलं ते शालननं. सारिका तिला अक्का म्हणायची. दोघी जावाजावा, पण चोवीस वर्षांत त्यांनी चूल वेगळी केली नव्हती.

वाघजाळी भोर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. भाताच्या जुन्या खाचरांत बावीस बायकांच्या गटानं हिरव्या जाळ्या उभ्या केल्या होत्या. जाळ्यांखाली पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, आणि जिला बाया इटलीची तुळस म्हणायच्या ते बेसिल. खत म्हणून शेण आणि कुजलेला पाला, औषध म्हणून फार तर निंबोळीचा अर्क. दुसरं काही मारायचं नाही. एक कंपनी हा पाला विमानानं परदेशी पाठवायची. तिथले लोक तो कच्चाच खातात. त्यामुळे पानावर एक जिवंत किडा निघाला की सगळ्या पेट्या माघारी, आणि पुन्हा निघाला की गटाचं नाव कायमचं बाद. लग्नाच्या आधीच्या थंडीत एकदा पेट्या माघारी आल्या होत्या. बेसिलवर फुलकिडे निघाले होते. सुईच्या टोकाएवढा किडा, पान खरवडून त्यातला रस पितो. डोळ्याला दिसेपर्यंत अख्खा वाफा त्यानं धरलेला असतो.

तोवर कीड हेरायचं काम अक्काचं होतं. तिच्याजवळ एक पांढरी चिनी बशी होती. शेंड्याखाली बशी धरायची, शेंड्याला दोन टिचक्या मारायच्या आणि बशीत बघत बसायचं. पांढऱ्यावर काही हललं की कीड आहे. नाही हललं की पुढचं झाड. सकाळी उन्हाच्या आत ती दोनशे शेंडे झटकायची. गटाची अध्यक्ष सारिका, पण वाफ्यात शब्द अक्काचा.

तो शब्द तिनं कमावलेला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच महिन्यात तिला परसातल्या पुदिन्यापासून लांब बसवलं होतं. त्या चार दिवसांत बाईची सावली पडली की पुदिना करपतो, अशी सासूची खात्री. अक्का वर्षभर लांब बसली. मग एकदा त्या दिवसांतच, सासू बाजाराला गेलेली बघून, ती पुदिन्याच्या वाफ्यात मांडी घालून सकाळपासून दुपारपर्यंत बसली. आठ दिवस रोज जाऊन पानं बघितली. पुदिना पहिल्यापेक्षा जास्त फुटला होता. ती हे हसत हसत सगळ्यांना सांगायची. गट सुरू झाला तेव्हा तिनं पहिलाच नियम केला की इथं महिन्याचे तीसही दिवस काम करायचं, कुणी कुणाला लांब बसवायचं नाही. गटातल्या सगळ्या बायका त्या नियमावर जगल्या.

आता हुंगणीचं सांगतो. पेट्या माघारी आल्यावर त्याच कंपनीकडून गटानं आणलेलं ते यंत्र. गवत कापलं की एक हिरवा वास येतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तो वास म्हणजे कापलेल्या गवताचं ओरडणं. झाडाला तोंड नाही, पण कुणी चावलं की ते वास सोडतं, आणि चावणारा बदलला की वासही बदलतो. अळीची लाळ लागली की एक, माव्यानं सोंड खुपसली की दुसरा, फुलकिड्यानं खरवडलं की तिसरा. माणसाच्या नाकाला हा फरक कळत नाही. हुंगणीच्या पोटात कागदासारख्या पातळ पट्ट्या होत्या. वास पट्टीवर बसला की तिच्यातून जाणारी वीज बदलायची, आणि सगळ्या पट्ट्या मिळून त्या वासाचा एक आकार तयार व्हायचा. चौदा किडींचे चौदा आकार कंपनीनं तिला आधीच शिकवून ठेवले होते. कीड डोळ्याला दिसायच्या तीन-चार दिवस आधी ती शिट्टी वाजवायची आणि सारिकाच्या फोनवर किडीचं नाव आणि वाफ्याचा नंबर यायचा.

यंत्राचं नाव काहीतरी लांबलचक होतं. दुधाच्या किटलीएवढं ते यंत्र वाफ्यांवरच्या तारेवरून हळूहळू सरकत हवा ओढत जायचं. गटातल्या हिराबाईनं बघितलं आणि म्हणाली, "ही तर माझ्या सासूवाणी घरभर हुंगत फिरतीय." तेव्हापासून ती हुंगणी.

पहिल्याच महिन्यात तिनं कोथिंबिरीवरचा मावा सांगितला. बायांनी जाऊन बघितलं तर एका देठाला पाच-सात मावे नुकते चिकटत होते. तेवढी रोपं काढली, अर्क मारला, वाफा वाचला. अक्कानं हुंगणीवर हात फिरवला. "शहाणी आहेस गं बाई," असं म्हणाली आणि बशी धुऊन फळीवर ठेवली.

श्रावणात हुंगणी बेसिलच्या वाफ्यात वाजली. फुलकिडे. अक्कानं बशी काढली, साठ शेंडे झटकले. बशी कोरी.

"काही नाही गं यात."

"आज नसणारच, अक्का," सारिका म्हणाली. "ती आधी सांगते म्हणून तर आणली."

कंपनीचा नियम होता की फुलकिड्यांना थारा नाही. नाव आलं की रोपं उपटायची, पिशवीत बांधायची, लांब पुरायची. त्यांनी उपटली. चौथ्या दिवशी त्या जागी बघायला झाडच नव्हतं, मग कीड होती की नव्हती हे कुणाला कळणार? बशी कोरी राहिली की हुंगणी खरी ठरायची, कारण वेळेत उपटलं म्हणून कीड आली नाही. ही गोम तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. सारिकाच्याही नाही, आणि ती गटात सगळ्यांत जास्त शिकलेली होती.

भाद्रपद संपेपर्यंत हुंगणी अकरा वेळा वाजली. दर वेळी फुलकिडे. कधी बेसिल, कधी पुदिना. निम्म्या जाळ्या उघड्या पडल्या. सारिका कागद घेऊन बसली. कुठल्या दिवशी कुठला वाफा वाजला आणि त्या वाफ्यात खुडायला कोण होतं, हे तिनं समोरासमोर लिहिलं. लिहून झाल्यावर कागदाची घडी घातली. पुन्हा उघडला. अकराच्या अकरा वेळा त्या वाफ्यात अक्का होती.

तिनं मनाशी ठरवलं की अक्काच्या लुगड्यावरून कीड येत असणार. घरामागं झेंडू होता, झेंडूवर फुलकिडे असतात. झेंडू उपटला. अक्काला सांगितलं, अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, सरळ वाफ्यात यायचं. अक्कानं तसं केलं. हुंगणी वाजली. डोक्याला फडकं बांधून आली. वाजली. तिला जाळीबाहेर पेट्या भरायला बसवलं. सात दिवस हुंगणी गप्प. आठव्या दिवशी अक्का पाणी द्यायला आत गेली आणि हुंगणी तिच्या डोक्यावर येऊन वाजली.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. हिराबाईनं आपली टोपली उचलून दुसऱ्या वाफ्यात नेली. अक्कानं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकानं चहा केला आणि अक्कापुढं ठेवला.

"अक्का, गटाची बैठक झाली."

"मला न बोलावता?"

"थोडे दिवस तुम्ही शेताकडं येऊ नका. कंपनीचा माणूस तपासायला यायचाय. पुन्हा पेट्या माघारी आल्या तर सगळ्यांचंच संपलं. तुमचा काही दोष नाही, कुठून येतंय ते कळेपर्यंतच."

अक्कानं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "सासूनं चार दिवस बसवलं होतं. तू किती दिवस बसवणार?"

"अक्का, ते वेगळं होतं. ती अंधश्रद्धा होती. हे यंत्र आहे."

"हां. यंत्र आहे," अक्का म्हणाली. "मग माझं काय चालणार?"

चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

अक्का घरी बसली आणि हुंगणी गप्प झाली. पुदिना फुटला, बेसिल फुटलं, जाळ्या पुन्हा भरल्या. कंपनीचा माणूस येऊन गेला, गट पास झाला. बायांनी पेढे वाटले. सारिकानं एक पेढा घरी आणला. अक्कानं तो हातात घेतला आणि म्हणाली, "उद्या खाईन. आज भूक नाही."

भूक नाही हे तेव्हापासून रोजचं झालं. दिवाळीनंतर तिचे गाल बसले. पौषात बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पाठ दुखते म्हणून ती भिंतीला उशी लावून बसायची. गावात सगळे म्हणाले, शालननं हाय खाल्ली. वाफ्यावाचून करमत नाही तिला, दुसरं काय. सारिकालाही तेच वाटलं, आणि तिला ते सगळ्यांत जास्त वाटलं. आपण हिला बाहेर काढलं आणि ही त्या दुःखानं वाळत चालली, हा काटा तिच्या मनात रुतला. त्यामुळे तिला अक्काकडं नीट बघवेना. एका घरात राहून ती अक्काची नजर चुकवायला लागली. ताट वाढायची, पुढं सरकवायची आणि कामाचं निमित्त काढून उठायची. एकदा तिचा नवरा म्हणाला, "वहिनीला एकदा डॉक्टरला दाखवू या का?" सारिका त्याच्यावर खेकसली, "डॉक्टर काय करणार? त्यांचं दुखणं मला ठाऊक आहे."

फाल्गुनात हुंगणीच्या पट्ट्या बदलायला कंपनीचा फिरोज मुलाणी आला. शिरवळचा, जिभेनं सरळ माणूस. शेतात धूळ उडत होती म्हणून त्यानं हुंगणी घरी ओट्यावर आणून उघडली, नव्या पट्ट्या घातल्या आणि चालू करून बघितली. अक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओट्याच्या कडेला टेकली. श्वास लागला होता तिला.

हुंगणी वाजली.

सारिकाच्या फोनवर नाव आलं, फुलकिडे.

अक्का झटकन उठली. "जाते मी. पुन्हा काही उपटाल."

"थांबा मावशी," मुलाणी म्हणाला. त्यानं ओटा बघितला, अंगण बघितलं. "इथं काय उपटणार? इथं पान कुठाय?"

सारिकानं फोनवरचं नाव पुन्हा वाचलं.

मुलाणीनं अक्काला लांब बसायला सांगितलं. हुंगणी गप्प. जवळ बोलावलं. वाजली. तीन वेळा असं केलं. मग त्यानं हुंगणी बंद केली आणि तो सारिकाला अंगणाच्या टोकाला घेऊन गेला.

"ताई, हिच्यात चौदा खण आहेत असं समजा. हिला चौदाच वास शिकवलेत. पंधरावा वास आला तर हिला 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही. जो खण जवळचा वाटेल त्यात ती तो टाकते. मावशींच्या श्वासाचा, घामाचा वास तिला फुलकिड्यांच्या खणाजवळचा वाटला. जाळीखाली हवा कोंडलेली असते, म्हणून तो तिला तिथं लागला."

"पण माणसाचा वास तर सगळ्या बायांचा येतो. मग ती त्यांच्यावर का नाही वाजत?"

मुलाणीनं खाली बघितलं. "निरोगी माणसाचा वास तिला वगळायला शिकवलाय. ताई, असल्याच पट्ट्या आता मोठ्या दवाखान्यांत लावतात. श्वासावरून आजार ओळखायला. तुम्ही मावशींना आजच घेऊन जा."

ते पुण्याला गेले. चार दिवसांत तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तो यकृतात पोचलेला. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, मुक्ताएवढी. तिनं विचारलं, "पहिलं लक्षण कधी दिसलं?"

सारिकानं फोन काढला. हुंगणी फुलकिड्यांच्या नावानं पहिल्यांदा वाजली ती तारीख यादीत होती. बारा ऑगस्ट. तिनं ती पुढं केली.

डॉक्टरीणबाईनं तारीख वाचली. "ऑगस्टमध्ये आला असतात, तर बहुधा शस्त्रक्रिया करता आली असती," ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं, कारण ती लगेच उठली आणि तिनं पाण्याचा ग्लास सारिकाच्या हातात दिला.

घरी आल्यावर सारिका अक्काच्या पायाशी बसली. बोलायचं खूप होतं, पण तोंडून एवढंच आलं, "चौदा वेळा सांगितलं हुंगणीनं मला. आणि मी रोपं उपटत बसले."

"मलाच कुठं कळलं?" अक्का म्हणाली. "दुखणं माझ्या पोटात होतं. मला वाटलं, मी रुसलेय."

"रागवा तरी माझ्यावर."

"रागावले होते की. आश्विनापासून रागावलेय तुझ्यावर. आता ताकद नाही राहिली." तिनं सारिकाच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं. "पण खोटं नाही सांगणार, सारिका. तू मला लांब बसवलंस ते मला या आजारापेक्षा जास्त लागलं."

सारिका तिथंच, तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली. अक्कानं तिला गप्प केलं नाही.

चैत्रात मुलाणी पुन्हा आला. या वेळी एकटा नव्हता, बरोबर कंपनीतली एक बाई होती. त्यांना अक्काच्या श्वासाचे नमुने हवे होते. रोज दोन पिशव्या, महिनाभर. तो वास हुंगणीला शिकवला तर पुढं कुठल्याही शेतात ती असल्या माणसाला ओळखेल.

सारिका दारातच आडवी आली. "सहा महिने त्यांना कीड म्हणालात. आता नमुना म्हणता? चालते व्हा."

"अगं, आत येऊ दे त्यांना," अक्का आतून म्हणाली. मुलाणी आत गेला तसं तिनं विचारलं, "काय रे, फुंकायचं कसं? मिसरी लावून चालेल का तोंड धुऊन?"

"तोंड धुऊन, मावशी."

"मग सकाळीच ये. एकदा मिसरी लावली की मी कुणाचं ऐकत नाही."

ती महिनाभर फुंकत राहिली. पुढं पुढं पिशवी फुगवायला तिला पाव तास लागायचा. सारिका पिशवीचं तोंड धरून बसायची. मुक्ता सासरहून राहायला आली होती, तिला ते बघवेना, ती परसात जाऊन उभी राहायची.

वैशाखाच्या शेवटी एका सकाळी अक्का म्हणाली, "मला वाफ्यात ने."

प्रमोदनं, सारिकाच्या नवऱ्यानं, तिला उचलून नेलं. जाळीखाली बाया खुडत होत्या. अक्काला बघितल्यावर सगळ्यांचे हात थांबले. सारिका हुंगणीचं बटण बंद करायला धावली.

"राहू दे," अक्का म्हणाली. "वाजू दे तिला. एवढ्या जणांत तीच एक खरं बोलत होती, नाव तेवढं चुकलं तिचं."

तिला पुदिन्यात बसवलं. हुंगणी सरकत आली आणि तिच्या डोक्यावर वाजायला लागली. कुणी उठलं नाही. हिराबाई आपली टोपली घेऊन आली आणि अक्काच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिच्या मागून एकेक करत सगळ्याच आल्या. अक्कानं चार शेंडे खुडले, पाचवा खुडता येईना. मग ती नुसती पानांवर हात ठेवून बसली. शिट्टी वाजत राहिली आणि बाया खुडत राहिल्या. ऊन जाळीतून आत आलं तेव्हा अक्का म्हणाली, "चला आता."

मुक्ताच्या लग्नानंतरची दुसरी दिवाळी आली तेव्हा कंपनीनं सगळ्या हुंगण्यांत पंधरावा खण घातला. महिन्याभरात शेजारच्या खोऱ्यात, गवती चहाच्या वाफ्यात, तो एका चाळीस वर्षांच्या बाईवर वाजला. तिला वेळेत नेलं. शस्त्रक्रिया झाली, ती बाई बरी आहे. मुलाणीनं हे सांगायला फोन केला. सारिकानं ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाली आणि फोन ठेवला. तिथंच बांधावर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

शालन मारुती शिळीमकर वाघजाळीत, राहत्या घरी, दोन जुलै दोन हजार बेचाळीस रोजी, बुधवारी सकाळी वारली. ती एकोणसाठ वर्षांची होती.